मदत हवी आहे: वात-पित्त प्रकृती आणि सोलापूरचं रोजचं जेवण

जुळेसोलापूरकर
नमस्कार. वय ३८. वैद्यांनी वात-पित्त प्रकृती सांगितली आहे. मधुमेह, रक्तदाब नाही. रोज कडक भाकरी, शेंगा चटणी, आमटी, रात्री दही. दुपारी चारनंतर छातीत जळजळ, सकाळी पोट साफ नाही. पित्तासाठी शेंगा चटणी बंद करून जवसाची सुरू केली, कच्ची पालेभाजी वाढवली. जळजळ तशीच, वर गॅस. भाकरी सोडावी का? मे महिना इथंच काढायचा आहे.

तुपाचीधार
भाकरी सोडू नका. ज्वारी थंड आणि हलकी, पित्ताला चालते. पण ती मुळात रूक्ष, कडक केली की आणखी कोरडी. त्यानं वात वाढतो, खडा होतो. ताजी मऊ भाकरी घ्या, वर चमचाभर तूप. कडकच हवी असेल तर चुरून गरम वरणात दहा मिनिटं भिजू द्या, मग तूप घाला.

चूक झाली ती चवींच्या हिशेबात. आंबट-खारट वाताला बरं, पण पित्त चढवतं. कडू-तुरट पित्ताला बरं, पण वात वाढवतं. कच्च्या पालेभाजीनं गॅस झाला तो यामुळेच. दोघांनाही मानवणारा रस एकच, मधुर. मधुर म्हणजे मिठाई नव्हे हं! दूध, तूप, जुना तांदूळ, दुधी, कोहळा, मनुका. आणि जवसही उष्णच, त्यामुळे चटणी बदलून काही साधलं नाही. शेंगा चटणीच चमचाभर, फक्त दुपारी, लसूण-तिखट निम्मं करून, तेलाऐवजी तुपात कालवून खा. हुलग्याचं (कुळथाचं) माडगं, म्हणजे त्याच्या पिठाची पातळ पेज, थंडीपर्यंत नको.

साधंताक
रात्रीचं दही आजपासून बंद करा. हाताला गार लागतं, पण गुणानं उष्ण, पचल्यावर आंबट. त्याऐवजी ताक घ्या असं कुणी सांगेल, तर जळजळ थांबेपर्यंत तेही नको: दाह असताना आणि उष्ण काळात सुश्रुतसंहितेत ताक वर्ज्य आहे. पुढे घ्याल तेव्हा ताजं, गोड, लोणी काढलेलं, खडीसाखर घालून. मोहरी-मिरचीची फोडणी नको.

धण्याचं हिम करा. १० ग्रॅम धणे भरड कुटून ६० मिली साध्या पाण्यात रात्रभर झाकून ठेवा, सकाळी चोळून गाळा, खडीसाखर घालून प्या. उकळलं की तो काढा झाला, हिम नाही. पोटासाठी दहा-बारा काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी चावून खा.

जुळेसोलापूरकर
आभार. डाळिंब आणि दुपारची झोप?

तुपाचीधार
गोड डाळिंब जरूर खा, आंबट नको. दिवसा झोप फक्त उन्हाळ्यात चालते, तीही थोडी आणि जेवल्या जेवल्या नाही. रात्री आठच्या आत जेवा. अंगाला तेल: उन्हाळ्यात खोबरेल, थंडीत तिळाचं.

दोन आठवड्यांत फरक नाही, वजन उतरतंय, शौच काळी होतेय किंवा छातीत दुखून घाम येतोय, तर पथ्यावर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. छातीत दुखत असेल तर त्याच क्षणी.

साधंताक
एक राहिलं. पित्त पावसाळ्यात साठतं आणि ऑक्टोबरच्या उन्हात उसळतं. मे नीट गेला म्हणून तेव्हा ढील देऊ नका. दसरा-दिवाळीच्या दिवसांत शेंगा चटणी पूर्ण बंद ठेवा.