मदत हवी आहे : जवानाच्या पिट्ठूत (पाठीवरच्या पिशवीत) काय काय असतं?

पडद्यामागचा:
एकांकिकेत दोन जवान आहेत. शुक्रवारी रंगीत तालीम आणि दिग्दर्शक म्हणतो, पिट्ठू खोटे वाटतायत. सध्या आत उशा कोंबल्यात. खरं सामान काय, वजन किती? पटापट सांगा, गूगल करून झालंय.

आगाऊ:
कुठलं युद्ध? पानिपत?

पडद्यामागचा:
कारगिल हो! जवान म्हटल्यावर कळतं ना.

सह्यभटक्या:
साठ लिटरची सॅक घ्या. मी कळसूबाईला १२ किलो नेतो. कंबरपट्टा आवळला की खांदे दुखत नाहीत.

निवृत्त_फौजी:
चौकीवर आहेत की हल्ल्याला निघालेत? हल्ल्याला मोठा पिट्ठू खालीच राहतो. इन्सास रायफल चार किलोंची, मॅगझिन २० राउंडचं, म्हणजे गोळ्यांचं. मॅगझिनं छातीवरच्या पाउचमध्ये, पाठीवर कोण काढून देणार? एक राउंड १२ ग्रॅम, शंभराचे जवळपास सव्वा किलो. म्हणून पोरं खाणं कमी करून गोळ्या वाढवायची. पाण्याची बाटली काठोकाठ; अर्धी असली की रात्री डुबुकडुबुक वाजते.

लेह_रिटर्न:
काठोकाठ? तिथं जूनमध्येही रात्री पारा शून्याखाली. गोठून फुटेल.

निवृत्त_फौजी:
कोटाच्या आत ठेवायची. एवढं कळतं आम्हाला.

आगाऊ:
इन्सासच्या मॅगझिनला थंडीत तडे जायचे. एके-४७ द्या.

इतिहासवेडा:
पहिल्या महायुद्धात, १ जुलै १९१६ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ब्रिटिश शिपाई जवळपास ३० किलो घेऊन निघाले होते. फावडी, वाळूसाठी रिकामी पोती. जिंकलेला खंदक लगेच धरून ठेवायचा होता ना.

पडद्यामागचा:
मग फावडं देऊ?

निवृत्त_फौजी:
कारगिलच्या तोलोलिंग शिखरावर खणणार काय, कपाळ? नुसता खडक. दगड रचून सांगर, म्हणजे आडोसा करतात. तुमचे दोघं रायफलवाले की रॉकेट लाँचरवाले? तेव्हाचा कार्ल गुस्ताफ लाँचर एकटाच १४ किलोंच्या वर.

पडद्यामागचा:
रायफलवाले. एक पहिल्या मिनिटापासून जखमी, आडवाच. दुसरा त्याला पट्टी बांधतो.

निवृत्त_फौजी:
हे आधी सांगायचं! पट्टी कुणाच्या खिशातून काढतो?

पडद्यामागचा:
स्वतःच्या.

निवृत्त_फौजी:
चूक. फील्ड ड्रेसिंग, म्हणजे जखमेच्या पट्टीचं पाकीट, सगळ्यांचं एकाच ठरलेल्या खिशात असतं, अंधारात चाचपत बसायला नको म्हणून. जखमीला त्याचीच पट्टी बांधायची. स्वतःची दिली आणि पुढच्या वळणावर तुम्हालाच लागली तर?

सह्यभटक्या:
तरी कंबरपट्टा लावाच.

पडद्यामागचा:
बदलतो आजच. पण मग उशांचं काय करू?