मूनलाइट सोनाटा: जुना फोर्टेपियानो की आजचा स्टाइनवे?

काळी_पाच: वाद व्हावा म्हणूनच धागा काढतोय. बीथोवनची मूनलाइट रेकॉर्डिंगवर ऐकायची तर फोर्टेपियानोवरचीच, म्हणजे त्याच्या काळातल्या पियानोवरचीच ऐका, ब्राउटिगम या पियानोवादकाची वगैरे. पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच बीथोवनने लिहून ठेवलंय की अख्खा भाग डॅम्पर, म्हणजे तारांचा आवाज दाबणाऱ्या गाद्या, उचलून वाजवा. १८०१ च्या सुमाराच्या व्हिएन्नाच्या पियानोला लाकडी सांगाडा, बारीक तारा, हातोडीवर चामडं, त्यामुळे सूर लवकर विरतो आणि पुढच्यात जरासाच मिसळतो. स्टाइनवे कंपनीच्या आजच्या पियानोवर तेच केलं की नुसता काला, मग बहुतेक जण गुपचूप डॅम्पर उचलणारं पेडल सोडत-दाबत राहतात आणि मूळ सूचना जाते उडत.

पेडलप्रेमी: बहुतेक जण म्हणजे सगळे नव्हेत हो. पियानोवादक आंद्राश शिफ आजच्याच पियानोवर पेडल धरून वाजवतो की! आणि बीथोवनला ते वाद्य पुरत होतं असं कोण म्हणतं? पहिल्या पियानो कंचेर्टोत (ऑर्केस्ट्रासोबतच्या रचनेत) एका जागी सुरावट सरळ वरच्या एफ शार्पला, म्हणजे एफच्या लगेच वरच्या सुराला, जायला हवी, पण तेव्हाच्या पाच सप्तकांच्या पट्ट्या एफलाच संपायच्या, म्हणून बिचाऱ्याने एफ नॅचरल, म्हणजे साधा एफच, लिहिला. ही कुचंबणा आपण का जपायची?

काळी_पाच: एका शार्पसाठी अख्खं वाद्य अडगळीत? तुमच्या शिफनेच नंतर संगीतकार शुबर्ट १८२० च्या आसपासच्या ब्रॉडमन पियानोवर रेकॉर्ड केलाय, तो ऐका आधी. डाव्या हाताच्या खालच्या कॉर्डमधला (एकत्र वाजणाऱ्या सुरांमधला) एकेक सूर सुटा कळतो.

हेडफोनवाला: मोठ्या हॉलमध्ये मी स्टाइनवेच घेईन, फोर्टेपियानो मागच्या रांगेला ऐकूच जायचा नाही. पण रेकॉर्डिंगमध्ये ती अडचणच नाही ना, आवाज आपण वाढवतो. आणि मूनलाइटचा तिसरा भाग घ्या, जुन्या पियानोवर वाजवणारा वाद्याला पार शेवटपर्यंत ताणतो, आता तार तुटते का काय असं वाटतं, स्टाइनवेवर तेच सगळं आरामात निघतं आणि संताप कुठेतरी गळून जातो.

पेडलप्रेमी: तो संताप नाही, माइक जवळ ठेवल्यामुळे आलेला खडखडाट आहे 😄 मला गाणारा सूर हवा, लांब टिकणारा. पहिल्या भागातली वरची चाल जुन्या पियानोवर सुरू होते न होते तोच विझते.

काळी_पाच: रेंगाळत वाजवली तर विझणारच! बीथोवनने दोन ठोक्यांचा ताल दिलाय, लोक चार मोजत बसतात, म्हणून ते रेंगाळतं. दोनच्या गतीने वाजवलेलं ऐका, मग बोलू.