साठा, साठेबाजी की बेगमी?

पानाडी: आरोग्यविषयक पुस्तिकेचा अनुवाद करतेय. एका परिच्छेदात साथ येण्याआधी सरकारं विषाणूरोधक औषधं घेऊन ठेवतात, पुढच्यात घरोघरी लोक तापाच्या गोळ्या भरून ठेवतात. मूळ इंग्रजीत दोन्हीकडे ‘स्टॉकपायलिंग’. मी दोन्हीकडे ‘साठेबाजी’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी पहिल्यावर लाल रेघ मारली. दोन्हीकडे चालेल असा शब्द आहे का?

सातपूरकर: बाईंचं बरोबर आहे. एप्रिल २०२१ मध्ये वडिलांच्या रेमडेसिविरसाठी नाशिकच्या औषधबाजारात, गोळे कॉलनीत, पहाटेपासून रांगेत होतो. ११ तारखेला निर्यात थांबवली होती, तरी हाती एक कुपी लागेना. ‘साठेबाज’ म्हटलं की मला ती रांगच दिसते. सरकारच्या तयारीला तो शब्द नको.

द्राक्षवेल: ‘बाजी’ लागली की शब्द वाईटच होतो असं नाही. आतषबाजी? फलंदाजी?

शब्दवेडा: फलंदाजीत ‘बाजी’ नाही, ‘अंदाजी’ आहे, गोलंदाजीसारखं.

निफाडची लेक: आम्हाला विचारा. उन्हाळ कांदा चाळीत ठेवतो तो भाव मिळावा म्हणून, आणि त्यातला किती सडतो ते आम्हीच बघतो. २०२० च्या ऑक्टोबरात घाऊक व्यापाऱ्याला २५ टनांची मर्यादा घातली, तेव्हा शहरातले नातेवाईक आम्हालाही साठेबाज म्हणाले. मर्यादा शेतकऱ्याला नव्हती, शब्द मात्र आमच्याच अंगाला चिकटला. आमच्याकडे त्याला ‘साठवण’ म्हणतात. पानाडीताई, तोच घ्या.

गोदाकाठ: ‘बेगमी’ का नको? आजी पावसाळ्याची बेगमी करायची: कुरडया, डाळी, सरपण. फारसी बे-गम, म्हणजे चिंता नाही. औषधं घेऊन ठेवण्यामागे हीच तर भावना असते.

मायमराठी: लोकांसाठीच्या पुस्तिकेत फारसी कशाला? ‘पूर्वसंचय’ लिहा, नाहीतर सरळ ‘तरतूद’.

शब्दवेडा: तरतूद अरबीतून आली आहे.

मायमराठी: ती रुळली आहे. बेगमी आजच्या मुलांना कळत नाही.

गोदाकाठ: वापरली नाही तर कशी कळेल? माझ्या सुनेला कळते, ती नागपूरची आहे.

औषधवाला: दुकानात आम्ही ‘माल भरला’ म्हणतो. पण बेगमीत एक अडचण आहे. कुरडया वर्षात संपतात. सरकारी साठा न वापरता राहावा हीच इच्छा असते. मुदत संपली की नवा घ्यायचा. २००९ च्या स्वाइन फ्लूत टॅमिफ्लू सुरुवातीला किरकोळ दुकानात मिळतच नव्हतं, सरकारी दवाखान्यातून मिळायचं. त्यामुळे घरात भरून ठेवायला ते सहज मिळत नव्हतं. मी ‘राखीव साठा’ म्हणेन.

पानाडी: सरकारसाठी राखीव साठा छान. पण मग घरच्या गोळ्यांना काय?

निफाडची लेक: गोदाकाठ, तुमच्या आजी कुरडया गव्हाच्या करायच्या की ज्वारीच्या? आमच्याकडे चीक गव्हाचाच.

गोदाकाठ: गव्हाच्याच. तीन दिवस भिजवलेला गहू, रोज पाणी बदलून. आणि ‘चीक’ला तुम्ही दुसरा काही शब्द वापरता का?