मदत हवी आहे: जुन्या इंजिनातला कार्बन अ‍ॅडिटिव्हने निघतो का?

नमस्कार मंडळी. माझी पेट्रोल गाडी १५ वर्षांची आहे, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेत. वडिलांनी हौसेने घेतलेली, त्यामुळे विकायची नाही. हल्ली थंड असताना सुरू केली की पहिली दोन-तीन मिनिटं आयडलिंगला गचके खाते. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की नॉकिंगचा खडखडाट. प्लग काढले तर टोकांवर काळी, कोरडी काजळी. बोट लावलं की बोटाला येते. तेलकट नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगा शाबूत असाव्यात.

इंजिन पोर्ट इंजेक्शनचं आहे. पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरूनच जातं, म्हणून टाकीत ओतायचं पॉलिइथरअमाइनवालं (कार्बन साफ करणारं रसायन असलेलं) क्लीनर तिथवर पोचतं (डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, म्हणून ते पोचत नाही). माझी खरी काळजी कार्बनच्या घट्ट बसलेल्या जुन्या थराची. तो हळूहळू विरघळतो, की खपल्या सुटून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) त्रास होतो? एका टाकीत भागतं, की लागोपाठ दोन-तीन लागतात? नंतर लगेच ऑइल बदलावं का?

मेकॅनिक थेट हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडू म्हणतोय, पण मन धजत नाही. कुणी वापरण्याआधी आणि नंतर बोअरस्कोपने (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने) आत पाहिलं असेल, तर कृपया सविस्तर सांगा.