तापोळ्याकडे पहाटे शेकोटी धरत नाही, रॉकेलशिवाय काय वापरावं?

जावळी_भटक्या: जानेवारीत तापोळ्याजवळ एका शेतात मुक्काम आहे, मालकाची परवानगी आहे. पहाटे गोळा केलेलं गवत नुसतं धुमसतं, जाळ येत नाही. काडेपेटी आणि फेरो रॉड (घासून ठिणग्या पाडायची धातूची कांडी) दोन्ही आहेत. रॉकेल, प्लास्टिक नको. कशावर आग धरेल?

वाळव्याकडचा: पहाटे गोळा केलंत, तिथेच गडबड झाली. गवत दहिवराने भिजलं की काडीची सगळी धग पाणी उडवण्यातच जाते. जळण आदल्या दुपारी, 4 वाजायच्या आत गोळा करा आणि पिशवीत बांधून तंबूत ठेवा. जमिनीवरचं उचलू नका. झाडावरच वाळून अडकलेल्या काटक्या बघा. कट्कन मोडली तर घ्यायची, लवली तर टाकायची.

पेटवणाला नारळाची शेंडी सगळ्यात भरवशाची. घरूनच न्या. दोन मुठी शेंडी हाताने पिंजून घरट्यासारखी करा. घट्ट दाबली तर हवा कोंडते, फार मोकळी ठेवली तर भपकन पेटून विझते. उसाचं पाचट पेटतं छान, पण टिकत नाही. त्यावर लगेच तुरकाट्या हव्यात. गुऱ्हाळावरची वाळलेली चिपाडं त्याहून बरी.

खाली अंगठ्याएवढ्या जाड काटक्या शेजारी शेजारी मांडा, म्हणजे जमिनीची ओल लागत नाही. त्यावर शेंडी, मग काडेपेटीच्या काडीइतक्या बारीक काटक्या चांगल्या ओंजळभर, मग पेन्सिलीएवढ्या. ही बारीक काटकी गाळून थेट लाकूड ठेवतात, म्हणूनच बहुतेकांची शेकोटी विझते. वाऱ्याच्या बाजूने, खालून पेटवा.

जावळी_भटक्या: शेंडीवर फेरो रॉडच्या ठिणग्या पडतात, पण धरत नाहीत.

मिरजेचा_चकमकवाला: शेंडीचा धागा ठिणगीला जाड पडतो. मध्ये सुपारीएवढा काटेसावरीचा कापूस पिंजून ठेवा. तो ठिणगी लगेच पकडतो, पण क्षणात संपतो, म्हणून भोवती शेंडी हवीच. बोंडं एप्रिल-मेमध्ये फुटतात, तेव्हाच साठवायचा. आता नसेल तर साधा कापूस चालेल, तोही पिंजूनच.

पोलाद-गारगोटीच्या चकमकीची ठिणगी मात्र फेरो रॉडच्या ठिणगीहून थंड. तिला कोळसलेलं कापड लागतं. पत्र्याच्या डबीच्या झाकणाला खिळ्याने एक भोक पाडा, आत जुन्या धोतराचे तुकडे घाला, डबी निखाऱ्यावर ठेवा. भोकातून धूर यायचा थांबला की काढा. डबी पुरती गार होण्याआधी झाकण उघडलंत तर हवा लागून आतल्याची राख होईल. पॉलिस्टर मिसळलेलं कापड वितळतं, ते घेऊ नका.

कोयनाकाठ: बिब्ब्याचं लाकूड चुकूनही घालू नका, धुरानेसुद्धा अंगावर फोड येतात. कण्हेरही नको. आणि शेताची हद्द ओलांडू नका: राखीव जंगलात आग पेटवणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे. शेतातही भोवतीचं 2 मीटर गवत काढून टाका, जानेवारीत ते वाळून कोळ झालेलं असतं. विझवताना नुसती माती लोटली तर आतला निखारा धुमसत राहतो. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. राखेजवळ तळहाताची पाठ नेल्यावर धग लागली नाही, तरच तिथून हला.