'हूसगाउ' म्हणजे नक्की काय?

पुस्तककिडा:
सध्या जुन्या काउबॉय कथा वाचतोय. एका कथेत शेरीफ एका दारुड्याला 'हूसगाउ'मध्ये टाकतो. मला आधी गावाचं नाव वाटलं, पण पुढे त्याला तिथून जामिनावर सोडवतात. म्हणजे तुरुंग का? आणि शब्द इंग्रजी वाटत नाही, आला कुठून?

नदीकाठची:
तुरुंगच. मूळ शब्द स्पॅनिश, 'हुस्गादो', म्हणजे न्यायालय. मी टेक्सासमधल्या एल पासोला राहते. नदी ओलांडली की मेक्सिको, आणि तिथे दिवाणी-फौजदारी कोर्टांच्या नावांत हा शब्द आजही असतो.

'हुस्गार' म्हणजे निवाडा करणं. मुळाशी लॅटिन 'यूदिकारे'. त्याच लॅटिन कुळातून फ्रेंचमार्गे इंग्रजीला 'जज' मिळाला. जज कोर्टकचेरीतून आला, हूसगाउ मात्र गुराख्यांच्या तोंडून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो इंग्रजी छापील मजकुरात दिसू लागतो.

'दो' कुठे गेला म्हणाल, तर भरभर बोलताना शेवटच्या 'आदो'मधला द विरून जातो. माझ्यासोबत काम करणारे एक क्यूबन काका 'कान्सादो' (दमलेला) असं कधीच म्हणत नाहीत, 'कान्साओ' म्हणतात. तसंच 'हुस्गाओ'. म्हणून याला कुणी 'अपभ्रंश' म्हटलं की मला राग येतो. इंग्रजी बोलणाऱ्यांनी शब्द बिघडवला नाही, ऐकला तसा उचलला. इंग्रजीत काउबॉयला 'बकरू'ही म्हणतात, त्याचंही तेच: 'वाकेरो' म्हणजे गुराखी, आणि स्पॅनिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा व ऐकू येतो ब-सारखा.

पुस्तककिडा:
वा! पण कोर्टाचा तुरुंग कसा झाला?

नदीकाठची:
माझ्या मते, पकडलेल्या माणसाच्या दृष्टीने दोन्ही एकच. 'हुस्गाओला नेला' म्हणजे आत गेला. त्यात १८४८ च्या तहाने कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको हा सगळा मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आला, पण माणसं तीच राहिली. गुरं राखायची विद्या मेक्सिकन वाकेरोंची, त्यामुळे लासो (फासाचा दोर), कोराल (गुरांचं कुंपण), रोडिओ (गुराख्यांच्या कसबाची स्पर्धा), रँच (गुरं पाळायची मोठी जागा) हे शब्दही त्यांचेच. हे श्रेय त्यांना क्वचितच मिळतं.

कोकण्या:
आपला 'तुरुंग'ही असाच बाहेरून आलेला आहे, पोर्तुगीज 'त्रोंकु'वरून. त्रोंकु म्हणजे झाडाचं खोड, आणि कैद्याचे पाय अडकवायचं लाकूडही. मराठीतही खोड आणि खोडा आहेतच की!

नदीकाठची:
कोकण्या, हे फार आवडलं. स्पॅनिशमधून इंग्रजीत तुरुंगासाठी आणखी एक शब्द गेलाय, 'कॅलबूस'. मूळ 'कालाबोसो', म्हणजे अंधारकोठडी. तो लुइझियानातल्या फ्रेंच बोलीतून आला आणि हूसगाउपेक्षा बराच जुना आहे. पुस्तककिडा, त्या कथांमध्ये तोही भेटेल तुम्हाला. भेटला की वाक्य इथे टाका.