मदत हवी आहे: लायोनेलची दुधाची वाघीण गुरगुरते, पण गवळी बाहेर येत नाही

किटलीवाला

मंडळी, धाग्याचं नाव वाचून हसू नका. मालगाडीच्या डब्याला आपल्याकडे वाघीण म्हणतात आणि माझी वाघीण खरंच नुसती गुरगुरते आहे.

गेल्या महिन्यात इथे न्यू जर्सीत, एडिसनला एका गराज सेलमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यात लायोनेल या अमेरिकन कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या खेळण्यातल्या आगगाडीचा थोडा माल मिळाला. ३४७२ नंबरची क्रीम रंगाची दुधाची वाघीण, तिचा पत्र्याचा छोटा फलाट, पाच किटल्या, दोन बटणांच्या कंट्रोलरसकट रिमोटचा रूळ, आणि १०३३ नंबरचा ९० वॉटचा ट्रान्सफॉर्मर. सगळ्याचे मिळून ३५ डॉलर. विकणाऱ्या आजोबांनी सांगितलं, "हे सगळं इथेच, हिलसाइडच्या कारखान्यात बनायचं." घरी इंजिन आणि तीन रुळांचा ओ गेजचा (म्हणजे त्या मापाच्या रुंदीचा) ट्रॅक आधीपासून आहे.

ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: वाघिणीच्या छपरात झाकण आहे, त्यातून किटल्या आत सोडायच्या. गाडी फलाटाशी उभी करून 'अनलोड'चं बटण दाबलं की दारं उघडतात, पांढऱ्या कपड्यातला माणूस पुढे येतो आणि एक किटली फलाटावर ढकलून परत आत जातो. १९४७ साली ३४६२ नंबरची पहिली वाघीण आली आणि धडाधड खपली. माझी त्यानंतरची, म्हणजे १९४९ ते १९५३ मधली. दारं पत्र्याची आहेत.

आता दुखणं. बटण दाबलं की जोरात गुर्रर्र होतं, दारं जेमतेम अर्धा सेंटिमीटर किलकिली होतात आणि बस्स. गवळीबुवा आतच. मी दोनदा शिवणयंत्राचं तेल सोडलं, उपयोग शून्य.

दुसरा प्रश्न सजावटीचा. मुलीला (वय ८) हा माणूस आपल्याकडचा दूधवाला हवा आहे, टोपीसकट. वाघीण निळी रंगवून वर 'आरे' लिहायचं असाही तिचा हट्ट आहे. गोरेगावची आरे वसाहत १९४९ ची आणि माझी वाघीणही त्याच सुमाराची, त्यामुळे मलाही मोह होतोय. पण सत्तर वर्षं जुन्या वस्तूला रंग फासावा का?

तिसरं, डिसेंबरात हे सगळं पुण्याला भाच्यांना दाखवायला न्यायचं आहे. चालेल का?

तिसरा रूळ

आधी ते तेल थांबवा! आत एक कॉइल (तारेचं वेटोळं) आहे आणि तिच्यात सरकणारा लोखंडी दांडा. तो दांडा कोरडाच असायला हवा. जुन्या तेलाचा चिकट थर बसला की तो अर्ध्यावर अडकतो, आणि तुम्ही त्यावर आणखी तेल ओतलंत.

गुरगुर होते आहे म्हणजे करंट कॉइलपर्यंत पोचतो आहे, ही चांगली बातमी. वाघिणीच्या दोन्ही टोकांच्या चाकांच्या सांगाड्यांखाली एकेक घसरपट्टी असते ना, कॉइल त्या दोघींच्या मध्ये जोडलेली असते. रिमोटच्या रुळाला जादा दोन पट्ट्या असतात, त्यांवर या घसरपट्ट्या टेकतात. एक जरी वाकून वर राहिली असती तरी हूं की चूं झालं नसतं.

अजून एक, बटण धरून ठेवू नका. टक् करून सोडायचं. दांडा अडकलेला असताना बटण दाबून ठेवलं तर कॉइल तापून जळते.

सोल्डरवाली

व्होल्टेज किती देताय? नवीन माणूस इथे हमखास फसतो. गाडी थांबवायची म्हणून ट्रान्सफॉर्मरचा नॉब खाली आणतो आणि मग बटण दाबतो. रिमोटचा रूळ मधल्या रुळातूनच वीज घेतो, तेव्हा ७-८ व्होल्टवर दांडा पूर्ण खेचला जाणारच नाही. १२ ते १४ लागतात. जुन्या लायोनेल इंजिनाची पुढे-न्यूट्रल-मागे-न्यूट्रल अशी पाळी असते. न्यूट्रलला आणून उभं करा, मग नॉब वर न्या. इंजिन हलणार नाही आणि वाघिणीला पूर्ण ताकद मिळेल.

आणि १०३३ ची वायर बोटाने वाकवून पाहा. रबराला तडे असतील तर नवीन वायर टाकल्याशिवाय भिंतीत लावूच नका. बाकी सगळं नंतर.

पेठेतला

पुण्याला आणताय तर तो ट्रान्सफॉर्मर तिकडेच ठेवा. २३० व्होल्टला थेट लावलात तर धूर. स्टेप-डाउन लावून ११० केलंत तरी तो ६० हर्ट्झसाठी बनवलेला आहे, आपल्या ५० वर जास्त तापतो. त्यापेक्षा बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास विचारा, २३० चे १५ व्होल्ट, ५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर मिळेल किंवा गुंडाळून देतील. एसीच राहू द्या, डायोड लावायचा नाही. फ्यूज मात्र टाका. आणि पोरांना घेऊन कोथरूडचं जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या, तुमच्या वाघिणीला भाव येईल.

सोल्डरवाली

रंगाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मूळ वाघीण रंगवू नका. ३४७२ दुर्मीळ नाही, ढिगाने विकली गेली आहे. म्हणूनच एखादी तडकलेली, अक्षरं पुसलेली बॉडी स्वस्तात मिळेल, ती निळी करा. आतली यंत्रणा तीच राहील, वरचं कवच हवं तेव्हा बदला. माणूस बिनधास्त रंगवा, ॲक्रिलिकचा पातळ हात द्या.

मूळ बॉडी धुताना कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. गरम पाण्याने प्लॅस्टिक वाकतं. अक्षरांवर अल्कोहोल नको, ॲसिटोन तर बॉडीच्या आसपासही नको आणि अक्षरं घासायची नाहीत. एकदा पुसली की गेली.

किटलीवाला

सगळ्यांचे आभार. रविवारी वाघीण उघडली. आधी प्रत्येक पायरीचा फोटो काढला, नाहीतर परत जोडताना रडलो असतो.

दांड्यावर मधासारखा तपकिरी थर होता, वर माझं तेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसला (अक्षरांपासून लांब!), तर सैल झाला. तरी माणूस पूर्ण येईना. टॉर्च मारून पाहिलं तर किटल्या ज्यातून खाली येतात त्या घसरगुंडीच्या तळाशी एक सहावी किटली आडवी अडकलेली! कुण्या पोराची किती वर्षांपूर्वीची राहिली असेल देव जाणे. चिमट्याने काढली.

१३ व्होल्टवर टक् केलं आणि बुवा खाडकन् बाहेर. मुलगी इतकी जोरात ओरडली की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. नंतर तिनेच दहा वेळा बटण दाबलं.

ट्रान्सफॉर्मरची वायर खरंच तडकलेली होती, बदलली. टोपी पांढरी झाली आहे, निळ्यासाठी जुनी बॉडी शोधतो आहे.

आता एकच तक्रार उरली आहे: दर तिसरी किटली फलाटावर उभी राहण्याऐवजी लोळते. फलाट वाघिणीच्या किती जवळ घेता तुम्ही?